त्याला सांगणे नाही

पोट आत ओढून माप देतो. कमरेला दोन इंच वाढवून कापणे. त्याला सांगणे नाही.

फलकाची लांबी फलकाच्या रुंदीपेक्षा जास्त असल्यास अर्ज नमुना ‘ब’ भरावा.

आपण रांगेत पहिले आहात. कृपया प्रतीक्षा करा. आपण रांगेत पहिले आहात.

एक तारा. शेरा: पंख्याचं तोंड मालकाकडे आहे.

‘उद्याच हवंय’ म्हणतो. चार दिवसांनी येतो. धावपळ करणे नाही.

“भविष्यात कापड विकलं जाणार नाही, भाऊजी. अनुभव विकला जाईल.”

“आणि लोक घालतील काय?”

वरच्या ओळींचा एकमेकींशी काही संबंध आहे असं तीन आठवड्यांपूर्वी कोणी सांगितलं असतं, तर मी त्याचंही माप घेऊन त्याला परत पाठवला असता. आज मात्र त्या एकाच दोऱ्याने ओवलेल्या आहेत, आणि सुई कुठे टोचली हे मी बोट दाखवून सांगू शकतो.

माझं शिलाईचं दुकान आहे. पाटीवर ‘टेलर्स’ असं अनेकवचन आहे, ते वडील होते तोवरचं. आता कापणारा मी एकटा. काज, बटणं आणि हातशिलाई बायको करते, त्यामुळे अनेकवचन तसं अजूनही चालतं. पण ती म्हणते, पाटीवर मला धरलं असतं तर मला रविवारची सुट्टीही धरली असती. दुकान एका खोलीचं. दारात कापायचं टेबल, मागे दोन मशीन, पडद्यामागे ट्रायलची जागा, आणि वर भिंतीला एक पंखा, ज्याच्याबद्दल पुढे लेखी तक्रार आलेली आहे.

समोरच्या कोपऱ्यावर वर्षभरापूर्वी तयार कपड्यांचं मोठं शोरूम उघडलं. काचेची दारं आपोआप उघडतात. कुत्रं गेलं तरी उघडतात आणि ‘आपलं स्वागत आहे’ म्हणतात. त्याचं मला काही वाटत नव्हतं. तयार कपडा तयार माणसाला होतो, आणि तयार माणूस मी अजून पाहिलेला नाही. पण महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्या शोरूमचं पत्र आमच्या घरी आलं. माझ्या मुलीला. नोकरीचं.

मुलगी एकुलती. शिवणकामाचा दोन वर्षांचा कोर्स पुरा केलेला, हात माझ्यापेक्षा साफ. माझ्या मनात एकच इच्छा होती, ती मी कोणापाशी बोललो नव्हतो, कारण बोलायची गरजच पडणार नाही अशी माझी समजूत होती: माझ्यानंतर टेप तिच्या गळ्यात असावी. पत्रात पदाचं नाव होतं ‘ग्राहक अनुभव सहायक’. उत्तर द्यायला तीन आठवडे.

“यात करायचं काय असतं?” मी विचारलं.

“गिऱ्हाइकाला कसं वाटतंय, ते बघायचं.”

“आपल्या दुकानात गिऱ्हाइकाला अनुभव कमी येतात का?”

“बाबा, तसा अनुभव नाही. तिथे गिऱ्हाइकाचा विचार करतात.”

“आणि आम्ही काय करतो?”

“तुम्ही शिवता,” ती म्हणाली. अगदी प्रेमाने म्हणाली. प्रेमाने मारलेली सुई जास्त आत जाते.

त्या रात्री मी जेवलो नाही असं मी सगळ्यांना सांगतो. बायको म्हणते, भात दोनदा घेतला होता.

*

माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, हा दर दोन वर्षांनी भविष्य बदलतो. आधी त्याचं भविष्य पाणी शुद्ध करायच्या यंत्रांत होतं, मग विम्यात, मग छपरावर लावायच्या काळ्या तक्त्यांत. सध्या ते ‘ग्राहक अनुभव व्यवस्थापना’त आहे. मी त्याला बोलावलं. हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहितो आहे, कारण पुढे बायकोने ते इतक्या वेळा म्हटलं की मलाच लिहिलेलं बरं.

त्याने दुकान पाहिलं. सुस्कारा टाकला. डॉक्टर रिपोर्ट बघून टाकतात तसा.

“भाऊजी, गिऱ्हाईक आत येतं तेव्हा तुम्ही काय म्हणता?”

“या म्हणतो.”

“आणि जाताना?”

“या म्हणतो.”

“म्हणजे येतानाचा आणि जातानाचा अनुभव एकच. प्रवास कुठे झाला त्याचा?”

चार पावलांच्या दुकानात माणसाचा प्रवास कुठवर होणार? पण मुलगी मागच्या मशीनवर बसून ऐकत होती, म्हणून मी गंभीरपणे मान हलवली. भविष्यात कापड विकलं जाणार नाही, हे वाक्य त्याने तेव्हाच, चहाच्या दुसऱ्या कपाला टाकलं, आणि लोक घालतील काय, हे बायकोने काज करता करता, मान वर न करता विचारलं.

“ताई, तुला कळायचं नाही,” मेहुणा म्हणाला.

“नाहीच कळत. तू लहानपणी माझ्या फ्रॉकचं कापड कापून पतंग केलास तेव्हाही कळलं नव्हतं.”

पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी आल्या.

एक, चेहऱ्यांचं यंत्र. हिरवं हसरं तोंड, पिवळं सपाट तोंड, लाल रडकं तोंड. जाताना गिऱ्हाइकाने मनात असेल ते तोंड दाबायचं. हे यंत्र दाराशी लावलं आणि तिथेच चूक झाली, कारण दाराच्या पलीकडे चावीवाला बसतो. माझा वीस वर्षांचा शेजारी. डुप्लिकेट चाव्या करतो आणि मूळ सल्ले देतो. लाल तोंड दाबलं की ‘टुंई’ असा आवाज येतो हे त्याला पहिल्याच दिवशी समजलं. तो येता-जाता दाबू लागला.

“अहो, तुम्ही नाराज आहात का?” मी विचारलं.

“छे! हिरव्याला आवाजच बरा नाही.”

आठवड्याच्या अखेरीस मेहुण्याने हिशोब काढला: एकूण अभिप्राय एकशे सात, त्यांतले दुःखी शंभर. उरलेल्या सातांपैकी दोन आणि दुःखी शंभरांपैकी एक गुरुजींचे. गुरुजी म्हणजे आमचे निवृत्त मुख्याध्यापक, वडिलांच्या वेळचं गिऱ्हाईक. त्यांनी चष्मा पुसून तिन्ही बटणं वाचली आणि तिन्ही दाबली. “हे तुझ्या शिलाईला, हे तुझ्या वेळेला,” आणि रडक्या तोंडावर बोट ठेवून, “हे या यंत्राला.”

दोन, फोन. मेहुण्याने दुकानाच्या फोनला एका बाईचा गोड आवाज बसवला. शिलाईसाठी एक दाबा, दुरुस्तीसाठी दोन दाबा, आपला कपडा तयार आहे का हे जाणण्यासाठी तीन दाबा, मालकांशी बोलण्यासाठी कृपया प्रतीक्षा करा. दुसऱ्या दिवशी दुपारी बायको दुकानात आली ती तरातरा.

“घरची किल्ली आत राहिली. फोन केला. एक दाबलं, दोन दाबलं, तीन दाबलं, चार नव्हतंच. ती बाई म्हणाली, आपण रांगेत पहिले आहात. म्हटलं, पंचवीस वर्षं झाली, हे मला माहीत आहे. शेवटी चपला घातल्या आणि चालत आले. कोण आहे ही बाई?”

चावीवाला लगेच उठला. त्याच्या मते फोनच्या त्या व्यवस्थेमुळे निदान त्याचा तरी धंदा झाला.

तीन, टोकन. माणूस आत आला की त्याने यंत्रातून चिठ्ठी काढायची आणि पुकारा होईपर्यंत बाकावर बसायचं. दुकानात एकच माणूस असला तरी. मेहुणा म्हणाला, शिस्त गर्दीची वाट बघत नाही. पहिल्या गिऱ्हाइकाने चिठ्ठी काढली, बसला. मी त्याच्याकडे बघत होतो, तो माझ्याकडे. मधे दीड हात अंतर. मग यंत्र बोललं, “टोकन क्रमांक एक, खिडकी क्रमांक एक.” आमच्या दुकानात खिडकी नाही. तो सज्जन माणूस उठला, खिडकी शोधत बाहेर गेला, आणि त्याला जी पहिली खिडकी दिसली ती समोरच्या शोरूमची होती. संध्याकाळी तो हातात त्यांची पिशवी घेऊन जाताना दिसला. त्याने मला ओळखीचा हात केला. मीही केला. मानी माणसाने हात करताना मान ताठ ठेवावी लागते, ते कठीण असतं.

मुलगी हे सगळं बघत होती. हसत नव्हती, हे वाईट. माझ्यावर हसते तेव्हा ती माझी असते.

*

नमुना ‘ब’.

टोकनचा आकडा बाहेरही दिसला पाहिजे, असं मेहुण्याचं म्हणणं पडलं. बाहेर थांबलेल्या गिऱ्हाइकांसाठी.

“बाहेर कोणी थांबत नाही,” मी म्हणालो.

“फलक नाही म्हणून.”

दोन हातांचा उजेडाचा फलक आला आणि तो रस्त्यावर सहा बोटं पुढे येत असल्यामुळे परवाना लागेल, हे चावीवाल्याने सांगितलं. न सांगता तो राहिला असता तर कोणाला कळलं नसतं, हेही त्यानेच नंतर सांगितलं.

परवान्याच्या खिडकीवर (तिथे खरोखर खिडकी होती) जे साहेब बसतात ते माझे जुने गिऱ्हाईक. वर्षाला दोन पँट. मला वाटलं, काम झालं. त्यांनी मला ओळखलंही, आणि म्हणूनच जास्त काटेकोर झाले.

“लांबी रुंदीपेक्षा जास्त आहे. नमुना ‘ब’ लागेल. तुम्ही ‘अ’ भरलाय.”

“साहेब, फलकाची लांबी नेहमी रुंदीपेक्षा जास्तच असते.”

“चौकोनी फलकही असतात.”

“त्यांना ‘अ’?”

“चौकोनीचा नमुना अजून आलेला नाही.”

“मग ‘अ’ कोणाला?”

साहेब विचारात पडले. हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नसावा. “तुम्ही ‘ब’ आणा,” ते म्हणाले.

‘ब’ नेला तेव्हा शेजाऱ्याचं नाहरकत पत्र हवं होतं. चावीवाल्याने ते आनंदाने दिलं, फक्त त्यात ‘हरकत नाही, तथापि’ असं लिहून पुढे दीड पान सल्ला लिहिला. ते परत आलं. तिसरी खेप ठरली ती शुक्रवारी, सकाळी पावणेअकराला. उत्तराचा सोमवार तीन दिवसांवर आला होता.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, ती वहीची.

वडिलांनी दुकान उघडलं त्या दिवसापासून आमच्याकडे मापांची वही आहे. डाव्या पानावर मापं. उजव्या पानावर विशेष नोंद. डावं पान गिऱ्हाइकासमोर उघडायचं, उजवं फक्त कापताना, एकट्याने. अंगाचं माप टेपने कळतं. पण माणूस मापात खोटं बोलतो, लपवतो, लाजतो, ते उजवीकडे. कोणाचा एक खांदा खाली, कोणाला ते ठाऊक नाही, कोणाला ठाऊक आहे पण इतरांना दिसू नये असं वाटतं. हे पान शिकवायचं ते माणूस कापायला तयार झाल्यावर, अशी वडिलांची रीत होती. मला त्यांनी ते सात वर्षांनी दाखवलं. मुलीला मी अजून दाखवलेलं नव्हतं. सगळं वेळेवर करू, असं मनात होतं.

मेहुण्याच्या संगणकात प्रत्येक गिऱ्हाइकासाठी एक तक्ता होता. नाव, फोन, मापं, आणि खाली एक चौकट: ‘ग्राहकाची विशेष नोंद’. मला भरून आलं. म्हणजे यांच्याकडेही उजवं पान आहे! मी हे क्षेत्र उगाच हिणवत होतो. चालू वही मी स्वतः उतरवली, दोन बोटांनी, आठ दिवस, एक काना इकडचा तिकडे न करता. वडिलांच्या तीन जुन्या वह्या मेहुण्याने उतरवल्या. ज्यांचे नंबर त्याला माहीत होते ते घातले. वाचल्या मात्र नाहीत. वाचलं की वेग कमी होतो, असं तो म्हणाला. मी तरी त्या कुठे वाचल्या होत्या? जुनं माप लागलं तर डावं पान उघडायचं, एवढंच.

“झालं,” गुरुवारी मेहुणा म्हणाला. “उद्या अकराला सगळ्यांना व्यक्तिगत संदेश. नुसतं ‘प्रिय ग्राहक’ नाही. ‘आम्ही तुम्हाला ओळखतो’ हे कळलं पाहिजे.”

“छान,” मी म्हणालो.

त्या चौकटीत वाढदिवस आणि आवडता रंग लिहायचा असतो, हे मला शुक्रवारी अकरा वाजून दोन मिनिटांनी कळलं.

*

साहेबांनी शिक्का उचलला होता. शिक्का शाईवर टेकला होता. मी आयुष्यात शिक्क्याकडे इतक्या प्रेमाने कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी शिक्का ठेवला, चष्मा वर केला, आणि ओठ हलवत वाचू लागले. मग ओठ थांबले. मग त्यांनी फोन खिडकीतून बाहेर, माझ्या नाकापर्यंत आणला.

‘नमस्कार! आपण आमचे लाडके ग्राहक आहात. आम्ही आपल्याला ओळखतो. आपली विशेष नोंद: पोट आत ओढून माप देतो. कमरेला दोन इंच वाढवून कापणे. त्याला सांगणे नाही. आपला दिवस आनंदात जावो! हा अनुभव कसा वाटला? एक ते पाच तारे द्या.’

माझ्यामागे सहा जणांची रांग होती. त्यांतल्या मागच्याने पुढच्याला “काय झालं?” विचारलं आणि पुढच्याने सांगितलं.

“दोन इंच?” साहेब म्हणाले.

“कधी कधी अडीच,” मी म्हणालो. प्रामाणिकपणाची सवय असली की ती नको तिथे आधी येते.

साहेबांनी फोन खिडकीतून आत घेतला. मग त्यांनी वर्षानुवर्षं आत धरलेला श्वास सोडला, आणि खिडकीच्या पलीकडे काहीतरी हळूच पुढे सरकलं.

“उद्या या,” ते म्हणाले. उद्या शनिवार, कचेरी बंद.

मी धावलो. वाटेत मेहुण्याचा फोन. त्याचा आवाज आनंदाने फाटत होता. “भाऊजी! दोनशे चौदा संदेश, एकशे नव्वद उत्तरं! एवढा प्रतिसाद मी स्वप्नात पाहिला नव्हता! आपण भविष्यात आलो!”

“उत्तरं वाचलीस का?”

“वाचायला वेळ कुठाय, मोजतोय!”

*

दुकानासमोर गर्दी होती. शोरूमच्या उद्घाटनालाही नव्हती एवढी. मेहुण्याने म्हटलं होतं तसं लोक खरोखर बाहेर थांबले होते, फक्त फलक नव्हता. आत टोकनचं यंत्र एकसारखं पुकारत होतं आणि चेहऱ्यांच्या यंत्रावर आज चावीवाल्याला हात लावायला मिळत नव्हता. टुंई, टुंई, टुंई.

मला वाट देण्यात आली. आरोपीला देतात तशी.

पुढे एक जोडपं. बाईंच्या हातात नवऱ्याचा फोन. “‘बायको सोबत आली तर आतला खिसा शिवणे नाही, एकटा आला तर शिवणे.’ कसला आतला खिसा?”

“हवेसाठी,” नवरा म्हणाला.

“खिशाला हवा?”

“मला काय माहीत, त्यांनी शिवलाय!”

त्यांच्यामागे औषधाच्या दुकानाचे मालक. त्यांचा राग थंड आणि मुद्देसूद. “मी दरवेळी ‘उद्याच हवंय’ म्हणतो. तुम्ही दरवेळी ‘हो’ म्हणता. आणि वहीत लिहिता, धावपळ करणे नाही. म्हणजे तुम्ही माझ्यासाठी कधीच घाई केली नाहीत?”

“तुम्हीही कधी उद्या आला नाहीत.”

त्यांनी बोटांवर दिवस मोजले. “पण कपडे वेळेवर मिळाले,” ते स्वतःशीच म्हणाले, आणि फार्मसीचा हिशोब न जुळल्यासारखे बाकावर बसले.

बायको मागे काज करत होती. जगबुडी आली तरी तिचं काज अर्धं राहत नाही. तिच्याही फोनवर संदेश आलेला दिसला. तिने तो वाचला, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि फोन दोऱ्यांच्या डब्यात ठेवून झाकण लावलं.

“तुला काय आलं?” मी विचारलं. मी उतरवलेल्या वहीत तर तिचं नाव नव्हतं.

“गिऱ्हाइकाची खासगी बाब आहे,” ती म्हणाली.

मग गर्दी बाजूला झाली आणि गुरुजी आत आले. मला धरणी दुभंगावीशी वाटली. त्यांची नोंद मला पाठ होती, मीच दोन बोटांनी उतरवली होती: ‘उजवा हात थरथरतो. बटणं मोठी लावणे, काज सैल ठेवणे. विचारलं तर सध्याची फॅशन आहे म्हणणे.’

गुरुजींनी टोकन घेतलं नाही. टेबलाशी उभे राहिले. टुंई सुद्धा थांबलं.

“सहा वर्षं,” ते म्हणाले. “सहा वर्षं मी सगळ्यांना सांगत फिरतोय की सध्या मोठ्या बटणांची फॅशन आहे. माझ्या जावयाने माझं ऐकून तसा शर्ट घेतला.”

“गुरुजी, चूक झाली माझी.”

“गप्प बस. तुझी चूक मी शाळेत असताना काढत होतो, तेवढी पुरे.” त्यांनी छातीवरचं बटण चाचपलं. सोडलं, परत लावलं. हात थरथरत होता, बटण एका दमात काजात गेलं. “हे काज कोण करतं?”

“मी,” मागून बायको म्हणाली.

“सैल आहे, पण सुटत नाही. कसं काय?”

“आतून एक टाका जास्त घालते, गुरुजी.”

“ते वहीत आहे?”

“नाही. ते मला ठाऊक आहे.”

गुरुजी दाराशी गेले, यंत्र वाचलं, आणि हिरवं तोंड दाबलं. एकच. हिरव्याला आवाज खरंच बरा नाही.

त्यानंतर भांडण कसं विरघळत गेलं, मला नीट सांगता येणार नाही. तक्रार करायला आलेले लोक बाकावर बसून एकमेकांना आपापल्या नोंदी वाचून दाखवू लागले. आधी कुजबुजत, मग मोठ्याने. ज्याचा डावा खांदा खाली होता त्याने आरशासमोर उभं राहून सगळ्यांना ओळखायला लावलं; कोणाला ओळखता येईना, तेव्हा त्याने कोट काढून दाखवला. औषधवाल्यांनी विचारलं, माझी जुनी पँट आहे, ती थोडी सैल करायची आहे, कधी मिळेल? मी म्हटलं, कधी हवी? ते म्हणाले, “उद्याच,” आणि स्वतःच हसले.

फक्त चावीवाला रुसून बसला होता.

“मला का नाही आला?”

“तुम्ही कधी आमच्याकडे काही शिवलंच नाही.”

“वीस वर्षं भिंतीला भिंत आहे, आणि माझ्याबद्दल तुमच्याकडे एक ओळ नाही!” मग तो उठून ट्रायलच्या पडद्याशी उभा राहिला, हात आडवे पसरून. “घ्या माप. शर्टाचं. उजव्या पानावर काय लिहाल ते मी विचारणार नाही. पण लिहा.”

माझे हात त्या दिवशी कामाचे राहिले नव्हते. “सोमवारी या,” मी म्हणालो.

मुलगी दिवसभर मागच्या मशीनशी उभी होती. गर्दी पांगल्यावर तिने वही मागितली. मी दिली. ती उजवी पानं वाचत गेली, एकामागून एक, दुकान बंद करायची वेळ होईपर्यंत. एकदाच म्हणाली, “आणि मी म्हटलं, तुम्ही नुसतं शिवता.”

“शिवतोच,” मी म्हणालो.

*

शनिवार-रविवारी मेहुण्याने सामान उतरवलं. तो खचला नव्हता. उत्तरांचा आकडा त्याने कागदावर लिहून घेतला होता आणि पुढच्या दुकानदाराला तो दाखवणार होता. ‘संदेशात काय होतं?’ असं कोणी विचारलं तर काय सांगशील, म्हटलं. तो म्हणाला, “व्यक्तिगत स्पर्श.” चेहऱ्यांचं यंत्र चावीवाल्याने मागून घेतलं. ती बाई फोनमधून गेली. एकशे नव्वद उत्तरांतली एक ताऱ्याची तक्रार वाचून पंख्याचं तोंड मी बाकाकडे फिरवलं.

सोमवारी दहाला मुलगी शोरूममध्ये गेली. मी कापायच्या टेबलाशी उभा होतो आणि हातात खडू होता. काचेची दारं उघडली, मिटली. मी कापडावर एक रेघ मारली, ती कशाची होती मला अजून माहीत नाही. बायको म्हणाली, “अहो, ते अस्तर आहे.”

पंधरा मिनिटांनी दारं उघडली. मुलगी आली, चप्पल काढली, माझ्या गळ्यातली टेप काढून आपल्या गळ्यात घातली, आणि बाहेर डोकावून म्हणाली, “काका, चला. हात आडवे.”

चावीवाला आला. तिने माप घेतलं, डावीकडे लिहिलं. तो मान वळवून भिंतीकडे बघत राहिला, वचन दिल्याप्रमाणे. तिने उजवीकडे काहीतरी लिहिलं. मीही पाहिलं नाही. रीत ही रीत.

पण दुपारी साहेब आले. फलकाचा परवाना घेऊन, शिक्क्यासकट, स्वतः. फलक आता नव्हता, हे त्यांना सांगायचं कोणाला धैर्य झालं नाही. त्यांनी पँटचं कापड टेबलावर ठेवलं. मुलगी टेप घेऊन पुढे झाली. साहेबांनी सवयीने श्वास आत ओढला. मग त्यांना काहीतरी आठवलं, ते लाजले, आणि सोडणार होते, तेवढ्यात ती म्हणाली, “असू दे साहेब. बरोबर उभे आहात.”

ते गेल्यावर मी उजवं पान बघितलं. कापणार मीच होतो, तेव्हा हक्क होता. माझ्या अक्षरातल्या जुन्या नोंदीखाली तिचं अक्षर होतं: ‘आता त्याला माहीत आहे. तरी सांगणे नाही.’

परवाना आम्ही चौकट करून लावला आहे. लांबी रुंदीपेक्षा जास्त आहे.

वडिलांच्या दुसऱ्या वहीत, आमच्या लग्नाच्या दोन वर्षं आधीच्या पानावर, नोकरीच्या पहिल्या दिवसासाठी एका मुलीने शिवायला टाकलेल्या कोटाचं माप आहे, आणि उजवीकडे लिहिलं आहे: ‘मापात अडचण नाही. माप घेताना आपल्याच पोराचा हात थरथरतो. पुढच्या खेपेलाही मापाला त्यालाच पाठवणे. त्याला सांगणे नाही.’